वहिनीच्या कोटाचं अस्तर

६ फेब्रुवारी

ति. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र उघडताना वहिनी शेजारी उभी असेल तर तिला आधी सांग की तिचा कोट अजून झालेला नाही. बाह्या जोडल्यात, कॉलर बसवलीय, अस्तर तेवढं राहिलंय. गेल्या थंडीत देणार होते हे माझ्या लक्षात आहे. थंडी काय, पुन्हा येईलच. आता तिला काउंटरवर पाठव आणि पुढचं एकट्याने वाच. मग हवं तर तिलाही वाचायला दे.

तू फोनवर माझ्या बोटांची चौकशी केलीस आणि मी पावाच्या भावावर घसरले. डाव्या हाताची ती दोन वाकडी बोटं आता कापडच धरू देत नाहीत, म्हणून डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरून दाखवला. हाडं मोडली होती, कुणी बसवली नाहीत, ती आपली आपण वेडीवाकडी जुळली. लहानपणी काय झालं होतं असं त्यांनी विचारलं. मी नेहमीसारखं बोटं दारात सापडली म्हणून सांगायला तोंड उघडलं, आणि दादा, माझी दातखीळच बसली. खोटं बाहेर येईना आणि खरंही येईना. त्यांनी पाणी दिलं, घाई केली नाही.

खरं काय ते तुला पहिल्यांदाच सांगतेय. आई-बाबा गेल्यावर तू बेकरीत शिकायला राहिलास, आत्याला लांबच्या गाडीवर कंडक्टरची ड्युटी लागली आणि मला मुलींच्या वसतिगृहात ठेवलं. ती बोटं दारात सापडली नव्हती. तिथल्या मोठ्या बाईंनी जाड लाकडी पट्टीने मारून मोडली. आणि मार एवढंच नव्हतं रे. चादरी ठेवायची एक खोली होती, तिला बाहेरून कडी. जेवताना बोललं, अंथरूण ओलं झालं, पावलं वाजली, की त्या खोलीत कोंडायचं. जेवण बंद. कधी दिवसभर, कधी दुसरा दिवस उजाडेपर्यंत. मी एकटीच नव्हते, आम्ही बऱ्याच जणी होतो.

मोठ्या बाई वारल्या. संस्था मात्र चालू आहे, फाटकाला नवा रंगसुद्धा दिलाय. डॉक्टरीणबाईंनी मला एका वकीलबाईंकडे पाठवलं. अशा संस्थांमधून मार खाऊन मोठी झालेल्या माणसांसाठी एक मंडळ नेमलंय, तिथे अर्ज करून संस्थेकडून नुकसानभरपाई मागता येते. नुसतं लिहून दिलेलं मात्र चालत नाही. मंडळासमोर बसून स्वतःच्या तोंडाने सांगावं लागतं, आणि संस्थेचा वकील उलटे प्रश्न विचारतो. सांगता आलं नाही तर अर्ज बाद. माझं तोंड ऐन वेळी काय करतं ते वर लिहिलंच आहे.

तरी मी अर्ज केलाय. सहीसकट.

आत्याला यातलं काही कळू देऊ नकोस. ठेवलं तिने होतं, उगाच स्वतःला बोल लावत बसेल. आणि फोनवर विचारू नकोस, फोन कानाला लावला की मी पुन्हा पावाच्या भावावर घसरेन. लिहिताना काय होतं कोण जाणे, येतं सगळं.

कळावे. लोभ आहे तसा राहू दे, कोटाचं निमित्त करून कमी करू नकोस.

तुझी,
काडी


१५ फेब्रुवारी

चि. काडीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र भट्टीसमोर उभ्याने वाचलं आणि आतले पाव आतच राहिले. अख्खी खेप कोळसा. तुझी वहिनी आग लागली म्हणून पाण्याची बादली घेऊन धावत आली. मी तिच्या हातात पत्र दिलं. मैद्याच्या पोत्यावर बसून तिने ते वाचलं, रडली, आणि मग त्या मोठ्या बाईंना जे काही बोलली ते मला लिहिता येणार नाही. बेकरीत उभं आयुष्य गेलं माझं, शिव्या कमी ऐकल्या नाहीत. हिच्याकडे एवढा साठा असेल असं वाटलं नव्हतं.

राग एवढा आलाय, आणि तो काढावा तर ती बाई मरून मोकळी झालेली. दोन दिवस नुसती कणीक बडवतोय. गिऱ्हाइकं म्हणतात, पाव हल्ली फार हलका होतोय.

तू आमच्याकडे येतेस तेव्हा तुझ्या हातात सारखं काहीतरी शिवण असतं. माझ्या लग्नात तर पाहुणे टेबलावरून उठायच्या आत तू टेबलक्लॉथची उसवलेली कड शिवून काढलीस. वहिनी म्हणते, नणंदबाई माणसाकडे बघून बोलतच नाहीत, कापडाकडे बघून बोलतात. आम्ही त्यावरून तुझी किती टिंगल करतो. आज करावीशी वाटत नाही. उद्यापासून पुन्हा करीन.

आत्याला सांगणार नाही. पण तिच्यापासून काही लपवणं म्हणजे तिच्या बसमधून विनातिकीट जाणं आहे, कधी ना कधी ती धरतेच.

लोभ असतोच, मागायला कशाला हवा?

तुझा,
दादा


१९ मार्च

ति. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वकीलबाईंकडे जाऊन आले, परत गेले, पुन्हा गेले. माणूस छान आहे, वयाने माझ्याहून लहान, टेबलावर नेहमी अर्धं खाल्लेलं सफरचंद. त्या विचारतात, मी तोंड उघडते, आणि कुणीतरी आतून कडी घातल्यासारखं होतं. मग आम्ही दोघी खिडकीतून समोरची पार्किंगची जागा बघत बसतो. लिहून दिलेलं त्यांच्याकडे आहेच, पण त्या म्हणतात की मंडळापुढे आवाज लागतो, आणि आवाज काही उसना मिळत नाही.

त्यातच काल संस्थेकडून निरोप आला. सुनावणीआधीच मिटवायला तयार आहेत. बरे पैसे देतायत. मला एका कागदावर सही करायची की असं काही घडल्याचं संस्थेला मान्य नाही, आणि मी याबद्दल पुढे कधीही कुणाशी बोलणार नाही.

दादा, त्या पैशात मला रस्त्यावरचं दुकान भाड्याने घेता येईल. स्टेशनरीवाल्याच्या मागची माझी जागा तू पाहिलीच आहेस, दिवसासुद्धा दिवा लावून शिवते. बोटांवर उपचार होतील. आणि त्या खुर्चीत बसून दातखीळ बसवून घ्यायची वेळ येणार नाही. रात्रंदिवस हेच डोक्यात. तू काय म्हणतोस?

कळावे, लोभाबरोबर या वेळी सल्लाही असावा.

तुझी,
काडी


२६ मार्च

चि. काडीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

विचारलंस म्हणून सांगतो. घेऊन टाक. सही कर, पैसे घे, दुकान टाक. अनोळखी माणसांसमोर बसून तू जुन्या जखमेची खपली का काढायची? समोर त्यांचा वकील असणार, तो तुला खोटं पाडायला बघणार, आणि ऐन वेळी आवाज फुटला नाही तर हातात काहीच नाही. मला भीती वाटते गं. त्या बाईने एकदा मोडलं, आता या लोकांनी पुन्हा मोडायला नको.

वहिनीला हे पटलेलं नाही. कालपासून माझ्याशी फक्त कामापुरतं बोलते.

लोभ आहेच.

तुझा,
दादा


१ एप्रिल

दादास,
सा. न. वि. वि.

तू माझ्या काळजीपोटी लिहिलंस हे कळतं, तरी तुझा राग आलाय.

कोंडायच्या तेव्हा मोठ्या बाई कडी लावायच्या आधी एकच सांगायच्या: याबद्दल बाहेर अक्षर काढायचं नाही. या कागदातही तेच लिहिलंय, फक्त टाइप केलंय. दुकान मला हवंय, भरपाई मला हवीय, ती माझ्या हक्काची आहे आणि मी ती मागणार आहे. पण असं घडलं होतं, हे त्यांच्या कागदावर लिहून यायला हवं. घडलंच नाही म्हणून सही करायची तर मग ही बोटं कुणाची?

वकीलबाईंना नकार कळवलाय. तोंड उघडेल की नाही ते मला माहीत नाही.

काडी

ता. क. वहिनीला सांग, तिच्या कोटाला आता खिसाही लावलाय. जास्तीचा.


३ जून

चि. काडीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

मंडळाचा लिफाफा इथे आलाय. कायमचा पत्ता म्हणून तू हे घर लिहिलंस, शहाणे! लिफाफ्यावर नाव तुझं होतं, उघडला मी. जन्मभर लोकांची तिकिटं तपासलेला आत्याचा हात आहे, राहवलं नाही. आत सुनावणीची तारीख होती आणि दोन ओळींत विषय. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग थोरल्याला, तुझ्या दादाला, फोन लावला. त्याने आधी हवेपाण्याच्या गप्पा मारल्या, मग खोकायला लागला. तो लहानपणीही खोटं बोलायच्या आधी खोकायचा. बाकी सगळं त्याच्याकडून काढून घेतलं, तू त्याला रागावू नकोस.

आता माझं ऐक. ती बाई मला चांगली आठवते. आवाज साखरेचा. मी भेटायला आले तेव्हा तुझ्या हाताला फडकं बांधलेलं होतं, मी तुला विचारत होते, आणि तू तोंड उघडायच्या आत तीच सांगत होती की दारात सापडली हो बोटं. बसमध्ये मी पोराला विचारलं की कुठे उतरायचं, तर पोरानेच सांगायचं, असा माझा कायदा होता. आईबापांनाही मध्ये बोलू द्यायची नाही. तुझ्या तोंडचं उत्तर दुसऱ्याने दिलेलं मला खपलं नाही. काय झालंय ते कळलं नव्हतं, नुसता वास आला होता. त्याच दिवशी तुझी पेटी उचलली, तुला घेऊन निघाले आणि डेपोत भांडून जवळची गाडी मागून घेतली. वाटेत तू पूर्णवेळ माझ्या युनिफॉर्मचं बटण धरून बसली होतीस.

मी सुनावणीला येणार. जवळचं एक माणूस चालतं असं कागदावर लिहिलंय आणि तुझ्या जवळचं माणूस मी आहे. तुला मी तिथे नको असेन तर तसं लिही, मी मुकाट्याने घरी बसेन. पण मला वाईट वाटेल म्हणून नको म्हणू नकोस. वाईट वाटायचं ते वाटून झालंय, भांडी घासताना. मला सांभाळायला तू काही माझी आई नाहीस.

जेवत जा. लोभ या घरात रेशनवर कधीच नव्हता.

तुझी,
आत्या


१४ जून

ति. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी घाबरले, मग हसले, मग दुकान बंद करून तास-दीड तास रडले. बरं वाटलं. तू त्या दिवशी मला का घेऊन निघालीस हे मला कधी कळलंच नव्हतं. मला वाटायचं, नशीब. नशीब नव्हतं, तू होतीस.

एक नवलच घडलंय, ते आधी सांगते. गेल्या आठवड्यात वकीलबाईंकडे गेले तर त्यांच्या जॅकेटचं अस्तर खालून लोंबत होतं. मला ते बघवेना. त्यांना म्हटलं, काढा ते, तुम्ही काय ते विचारा, मी तोवर शिवते. जॅकेट मांडीवर घेतलं, दोरा ओवला, पहिले चार टाके घातले आणि आत्या, माझं तोंड सुटलं. चादरींची खोली, कडी, पट्टी, सगळं. वकीलबाई भराभर लिहीत होत्या, पेन संपलं तर त्यांनी पेन्सिल ओढली. अस्तर शिवून झालं तेव्हा सांगूनही झालं होतं. त्यांचं सफरचंद जागच्या जागी काळं पडलं होतं.

असं का होतं तेही मग माझं मलाच आठवलं. त्या खोलीत फाटक्या चादरींचा ढीग असायचा, वरच्या चादरीला कुणीतरी सुई टोचून ठेवलेली. रडू येऊ नये म्हणून मी चादरी शिवायचे, आणि शिवता शिवता, घरी गेल्यावर तुला काय काय सांगायचं ते हळू आवाजात म्हणत बसायचे. एकदा मोठ्या बाईंनी ते दाराबाहेरून ऐकलं. बोटं मोडली ती त्या दिवशी. त्यानंतर मनातलं बोलणं फक्त सुईबरोबर उरलं, हात रिकामे असले की माझं तोंड बंद. एवढी वर्षं लोक मला कामसू म्हणतात!

वकीलबाईंनी मंडळाला अर्ज केला की अर्जदार बाईंना जबाब देताना शिवणकाम करू द्यावं. मंडळातल्या लोकांनी डोकं खाजवलं असेल. पण परवानगी आलीय.

तेव्हा तू ये. माझीच इच्छा आहे. फक्त मागे बसायचं, आणि काहीही झालं तरी तुझा तो बसमधला आवाज लावायचा नाही. कबूल असेल तरच तिकीट काढ.

लोभ रेशनवर नसल्याने मागत नाही, घेते.

तुझी,
काडी


२ सप्टेंबर

चि. काडीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

घेऊन टाक म्हणालो होतो ते परत घेतो. तू बरोबर होतीस. वहिनीने हे वाक्य माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलंय, तेव्हा आता तरी ती माझ्याशी नीट बोलेल अशी आशा आहे.

सुनावणीत काय शिवायचं ते ठरलं नसेल तर वहिनी म्हणते, तिचा कोटच ने. अस्तर राहिलंच आहे. म्हणते, कोट तुझ्या मांडीवर असला म्हणजे मी तिथे असल्यासारखंच, आणि शिवाय तो एकदाचा होईल तरी. यातलं खरं कारण कोणतं ते मी विचारलं नाही.

आत्याबरोबर पाव पाठवतोय. जळके नाहीत. मी त्या दिवशी दुकान बंद ठेवणार आहे, कारण उघडलं तरी सगळं जाळीनच.

दातखीळ बसली तर बसू दे गं. तू आमचीच राहशील. हे लोभाचं झालं. बाकी तुझं तोंड सुटावं म्हणून जीव टांगणीला लागलाय.

तुझा,
दादा


१७ सप्टेंबर

चि. थोरल्यास आणि सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

फोनवर तुम्हाला नुसतं झालं एवढंच सांगितलं, कारण माझा आवाज बसलाय. न ओरडता बसलाय, हे आयुष्यात पहिल्यांदा. म्हणून लिहिते.

फाटकावर पहारेकऱ्याने काडीची कात्री काढून घेतली. सुया जाऊ दिल्या, कात्री नाही. ती म्हणाली असू दे, दोरा दाताने तोडीन. खोली साधीच होती. लांब टेबल, पाण्याचा जग, भिंतीवर घड्याळ. पलीकडे मंडळाची तिघं, मधोमध पांढऱ्या केसांच्या अध्यक्षबाई. संस्थेचा वकील एका बाजूला, बूट चकचकीत. मी मागे, हाताची घडी घालून. काडीने कोट मांडीवर पसरला, अस्तर दुमडलं आणि दोरा ओवायला घेतला. ओवताच येईना. दोरा सारखा नेढ्याच्या बाजूने जात होता. मी उठून ओवून देणार होते, पण वचन दिलं होतं. शेवटी अध्यक्षबाई म्हणाल्या की सावकाश होऊ दे, आम्हाला कुठे जायचं नाहीये. तेव्हा ओवला गेला.

मग बोलली. मान खाली, टाक्यावर टाका, आणि आवाज स्पष्ट. खोलीत खिडकी किती वर होती ते सांगितलं. ओल्या चादरींचा वास सांगितला. बाहेरून कुणाची पावलं आली की आतल्या पोरी श्वास कसा धरायच्या ते सांगितलं. पट्टीचं सांगताना हात क्षणभर थांबला, तोंडही थांबलं, मला वाटलं गेलं सगळं. मग तिने सुई पुन्हा घातली, ओढली, आणि ती वाकडी बोटं कोटावर तशीच ठेवून बोलत राहिली. शिवता शिवता ती आत्याला काय काय सांगायचं ते म्हणत बसायची, हे सांगितलं तेव्हा मी रुमाल तोंडात कोंबला होता. एवढंसं पोर माझं, भिंतीला माझं नाव घेऊन सांगत होतं.

चकचकीत बुटांनी विचारलं की एवढं सगळं झालं तर इतकी वर्षं त्या गप्प का राहिल्या. काडीने मान वर केली नाही. म्हणाली की गप्प राहायलाच तिथे शिकवायचे, आणि तेवढा एकच विषय तिथे नीट शिकवला. त्याने कागद चाळले आणि पुढचा प्रश्न विचारलाच नाही. मी आवाज लावला नाही, लिहून ठेवा.

आता गंमत. अध्यक्षबाईंनी आभार मानले आणि संपलं म्हणाल्या. काडी उठली, तर कोट तिच्याबरोबर उठला. बया पट्टीचं सांगत होती तेव्हापासून अस्तराबरोबर स्वतःचा स्कर्टही शिवत होती! गुडघ्यापासून मांडीपर्यंत बारीक, सुंदर, पक्के टाके. एवढी नावाजलेली शिंपीण, आणि सूनबाईचा कोट स्वतःलाच शिवून बसली. कात्री फाटकावर. उसवायला जावं तर तिचे टाके कुणाला उसवतात? ती कोटाकडे बघत राहिली, आणि अध्यक्षबाईंनी चष्मा काढून डोळे टिपले, हसून की कशाने ते मी सांगू शकत नाही.

मग काय, मी कोटाची दुसरी बाजू दोन्ही हातांनी उचलून धरली आणि आम्ही तशाच निघालो. व्हरांड्यात ही गर्दी. तिथे मात्र वचन नव्हतं. चला, पुढे सरका, वाट द्या म्हणून मी असा आवाज लावला की कारकून फायलींसकट भिंतीला चिकटले. जिन्यात काडी हसायला लागली. थांबेचना. पायरीवर बसली आणि हसता हसता रडली, मग नुसतीच रडली, आणि मी तिच्या शेजारी बसून कोट धरून होते. मी पण रडले, तुम्हाला सांगायला हरकत नाही.

फाटकावर कात्री परत मिळाली. मला धीर कुठला, टाके उसवत न बसता मी स्कर्टच कापला, गोल. मग भोक झाकायला तिने कोट अंगात घातला आणि तशीच घरी आली. सूनबाई, तुझा कोट तुझ्याआधी तिने वापरला. छान बसतो. पण जास्तीचा खिसा कशाला लावलाय ते तिलाच विचार.

निकाल यायचाय. काय लागेल तो लागो. मी माझ्या पोरीचा आवाज ऐकला.

पाव उत्तम होते. लोभ दुप्पट करून पाठवते, पोच द्या.

तुमची,
आत्या


२१ नोव्हेंबर

ति. दादास व सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

निकाल आला. वकीलबाईंनी फोन न करता स्वतः आणून दिला, आणि मी वाचत असताना स्टेशनरीवाल्याच्या काउंटरवरचे खोडरबर उगाच रांगेत लावत बसल्या.

अर्ज मंजूर झालाय. मंडळाने लिहिलंय की अर्जदाराने सांगितलं ते खरं आहे. चादरींच्या खोलीचं आणि कडीचं त्यात स्पष्ट लिहिलंय, आणि बोटांना दुखापत कशी झाली तेही. संस्थेने भरपाई द्यायची आणि लेखी माफी मागायची. बोलायला कसलीही बंदी नाही. रक्कम भेटीत सांगते. आत्याला सांगितली असती तर एव्हाना अख्ख्या डेपोला कळली असती. घडलं होतं, हे वाक्य मी परत परत वाचलं. दुसरं काही न करता, नुसतं.

आमच्या वसतिगृहातल्या दोघींचे पत्ते वकीलबाईंना सापडलेत. एकीने विचारलंय की तिला शिवता येत नाही, पण विणता येतं, चालेल का. मी कळवलं, चालेल.

कोपऱ्यावरचं दुकान बघून आले. समोर पूर्ण काच आहे, दिवसाचा उजेड थेट मशीनवर पडतो. दाराची आतली कडी तपासली, बाहेरून कडी मुळात नाहीच. मालक म्हणाला, पुढच्या महिन्यापासून घ्या. डॉक्टरीणबाई म्हणतात, एक बोट बरंचसं सरळ होईल, दुसऱ्याचं वचन देत नाहीत.

वहिनी, कोट पार्सलने पाठवलाय, थंडी वाढायच्या आत. अस्तर पूर्ण झालंय. डाव्या बाजूला खाली आतून हात घातलास तर निळ्या कापडाचा एक गोल तुकडा लागेल. तो माझा स्कर्ट आहे. उसवायला बसले होते, पण ते टाके मी आयुष्यात घातलेले सगळ्यांत चांगले टाके आहेत, माझ्याच्याने उसवेनात. बाहेरून दिसत नाही. तुला चालत असेल तर राहू दे. आणि जास्तीचा खिसा कशाला म्हणून आत्याने विचारलंय, तर त्याचं कारण मलाही माहीत नाही. त्या दिवशी दादाचा राग आला होता, हाताला काहीतरी हवं होतं.

दादा, पुढच्या आठवड्यात मी तुमच्याकडे येतेय, चार दिवस. समोर बसून तू मला कधीच काही विचारलं नाहीस, मी शिवणात मान घालून बसायचे म्हणून. काल आत्या आली होती. चहा झाला, बोलत बसलो, आणि बऱ्याच वेळाने आत्याने माझ्या हातांकडे बोट दाखवलं. दोन्ही हात टेबलावर नुसते पडले होते. काही न धरता. आणि मी बोलतच होते.

म्हणून येताना शिवणाचा डबा आणत नाहीये. तुला काय विचारायचं असेल ते विचार.

कळावे. लोभ आहे, तो आता समोर बसून घेईन.

तुमची,
काडी